विड्याच्या पानाचा देठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, भावजयीला नाही. देवापुढे बसले तरी मनातल्या मनात अर्धंच म्हणते आणि पुढचं गिळून टाकते. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही माझे कुणी नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं.

आणि विषय तरी काय, तर तान्ह्या पोराची शी. हसू येईल तुम्हाला. हसा. मीही पुष्कळ हसले आहे त्या विषयावर. एके काळी आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. विलास कंपनीतून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "झाली का?" नंदा ऑफिसातून शेजाऱ्यांकडे फोन करायची, तिचाही तोच प्रश्न. आणि उत्तर फक्त माझ्याकडे असायचं. "झाली" म्हटलं की घर हसायचं. "नाही अजून" म्हटलं की जेवणाला चव नाही. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघायचं — मला ते किती आवडायचं, ते आधी सांगते. कारण बाकी सगळं त्यातून निघालंय.

मी मालती. मालूताई म्हणतात सगळे. लग्न होऊन पाच-सहा वर्षांत मूल झालं नाही, तेव्हा सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं, ती कायमची. महाडकडच्या आमच्या गावी थोरल्या भावाकडे राहायचे. थोरली वहिनी वाईट नव्हती. पण चहा टाकताना माणसं मोजायची आणि मोजताना मला विसरायची. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ना — माझा नसून खोळंबासुद्धा नव्हता.

धाकटा विलास ऐरोलीला राहायचा, रबाळ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. नव्या बिल्डिंगीत दोन खोल्यांची जागा घेतली होती. बायको नंदा ठाण्याला नोकरीला. नव्वदच्या दशकातली गोष्ट; तेव्हा ऐरोलीत बिल्डिंगी कमी आणि चिखल जास्त. नंदाला आई नव्हती, म्हणून तिच्या बाळंतपणाला त्यांनी मला बोलावलं. ठरलं होतं असं, की नंदाची रजा संपेपर्यंत मी राहायचं, मग बाळ सेक्टरमधल्या पाळणाघरात जाईल आणि मी परत गावी. सगळं गोड बोलून ठरलेलं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

मुलगा झाला. निखिल. जन्मल्यावर पोराला पहिली काळी शी होते ना, ती त्याला पहिल्या दिवशी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत नाही. दवाखान्यातली सिस्टर येऊन विचारून गेली, परत विचारते म्हणाली. पोट जरा फुगल्यासारखं वाटत होतं, पोरगं दूध ओढेना. मग मी आमच्याकडे करतात ते केलं — विड्याच्या पानाचा देठ घ्यायचा, एरंडेलात बुडवायचा आणि अगदी हलक्या हाताने शीच्या जागी लावायचा, जेमतेम टोक आत. आमच्या आईने आम्हा सगळ्यांना केलेलं. देठ काढला आणि धो धो झाली. नंदा उशीवर पडल्या पडल्या रडायलाच लागली आनंदाने. सिस्टर आली तेव्हा मीच पुढे होऊन म्हणाले, "झाली हो, भरपूर झाली." देठाचं बोलले नाही. अशा गोष्टींवर सिस्टर ओरडतात, एवढंच तेव्हा मनात होतं. त्या दिवशीचं मी माझ्या खात्यावर धरत नाही. पुढचं धरते.

घरी आल्यावर कळलं, की या पोराला आपली आपण होतच नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन — पोट टम्म, पाय पोटाशी घेऊन किंचाळतोय. नंदा गुटी उगाळायची, मुरडशेंगेचे चार वळसे जास्त द्यायची. बेंबीभोवती हिंग लावायची. काही नाही. शेवटी मी देठ घ्यायचे आणि घटकाभरात पोर मोकळं. त्याचा चेहरा असा सैल व्हायचा, की बघणाऱ्याला झोप यावी. बिल्डिंगीत बोभाटा झाला — मालूताईंचा हात आहे! बायका आपापली पोरं घेऊन यायला लागल्या. त्यांच्या पोरांना दोन-चार दिवसांचा खडा धरलेला असायचा, एकदा देठ लावला की विषय संपला. निखिलचा विषय संपायचा नाही. हे मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते.

नंदाची रजा संपत आली. एका संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताई, तुम्ही राहा ना. पाळणाघरात त्याचं हे कोण करणार?" विलासही मान हलवत होता.

मी भाजीतून मान वर केली नाही. म्हटलं, "बघू." आणि आत — आत काय झालं ते कसं सांगू? इतक्या वर्षांत मला कुणी राहा म्हटलं नव्हतं.

त्यानंतर मी बदलले. नंदाने एकदोनदा म्हटलं, मला शिकवा, सुट्टीच्या दिवशी मी करीन. मी तिला घाबरवलं. म्हटलं, हात चुकला तर आतडं फाटतं, आमच्या गावात एक पोर असंच गेलं. असं कुठलंही पोर गेलं नव्हतं. तिने पुन्हा कधी शिकवा म्हटलं नाही. आणि हळूहळू मी लपवायला लागले. आंघोळीच्या वेळी मी पाटावर पाय पसरून बसायचे, पोर पायांवर पालथं, न्हाणीघराचं दार लोटलेलं. तिथेच सगळं उरकायचं, तिथेच धुऊन टाकायचं. बाहेर येऊन सांगायचं, "झाली बरं का आज, आपली आपण. माझ्या मालिशने मोकळं होतं पोट." का लपवत होते? — कारण रोज रोज देठ लागतो म्हटल्यावर आई-बाप घाबरणार. घाबरले की डॉक्टरकडे जाणार. आणि डॉक्टरने पोर बरं केलं, तर मी कशाला लागते?

कोपऱ्यावरच्या पानवाल्याला वाटायचं बाईला पानाचा नाद आहे. देठ खुडल्यावर पानं उरायची, ती टाकवत नसत, म्हणून मी खायला लागले. तोंड लाल करून बसायचे. नंदा चेष्टा करायची, ताई, तुम्ही अगदी पाटलीणबाई दिसता.

तरी डॉक्टरकडे जायची वेळ आलीच. बाळाचं वजन वाढेना, हातपाय काड्या आणि पोट तेवढं मोठं. वाशीला मुलांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. शांत बाई, हात गरम करून मग पोराला लावायच्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, वाजवून बघितलं आणि नंदाला विचारलं, "शी आपली आपण करतो, की काही करावं लागतं?" नंदा दिवसभर ऑफिसात. तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "रोज होते. आपली आपण."

झालं. हेच ते. इतकंच वाक्य आहे. एवढ्याशा वाक्यापाशी यायला मी इतका वळसा घातला.

नंदा रडणाऱ्या पोराला घेऊन दाराबाहेर गेली, तेव्हा त्या बाईंनी मला विचारलं, जन्मल्यावर पहिल्या दिवशी झाली होती का? मी म्हटलं, हो. नंदा आत आल्यावर त्या म्हणाल्या, डब्याच्या दुधाने होतं कधी कधी असं, पाणी पाजत जा, संत्र्याचा रस द्या, महिन्याने दाखवा. डब्याचं दूध म्हणजे नंदाची नोकरी; ती ऑफिसात, म्हणून पोर डब्यावर. तिने ते तसंच घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. समोरच्या घरात शमीमभाभी राहायच्या. मूळच्या उरणकडच्या, नवऱ्याचा सुक्या मासळीचा धंदा. फोन त्यांच्याकडेच होता. त्यांनी मला एकदा जिन्यात गाठलं. आवाज खाली करून म्हणाल्या, "मालूताय, एक बोलू? राग मानू नका. आमच्या भावाच्या पोराचा असाच होता. आपसूक कदी व्हायची नाय. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरनी सांगितला, आतड्याचा खालचा तुकडा जन्मापासून मेलेला हाय. ऑपरेशन केला. आता शाळंत जातो, मस्ती करतो. तुमी एकदा दाखवा."

मी काय म्हटलं माहितीये? "आमच्याला तसलं काही नाही. आमच्याला रोज होते." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पानवाल्याकडे मी काय घ्यायला जाते, हे त्यांना ठाऊक होतं बहुतेक. ऑपरेशन हा शब्द मी न्हाणीघरात किती वेळा मनाशी म्हटला असेल. पोर पायांवर पालथं असायचं, मऊ, तेलाने चकचकीत, आणि मी त्याला म्हणायचे, तुला कापतील रे. त्याच्या भल्यासाठीच गप्प आहे, असं मला पटायलाही लागलं होतं. माणूस स्वतःला काय काय पटवतं.

मग मे महिना आला. गावी चुलतभावाच्या मुलीचं लग्न. निखिल तेव्हा सात-आठ महिन्यांचा, उष्टावण झालेलं, भात-वरण खायला लागलेला. मी जावं की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली. नंदाने रजा टाकली. म्हणाली, जा ताई, तुम्हालाही बदल हवा, मी सांभाळीन. आता तर त्याला रोज आपली आपण होते.

हे ती म्हणाली तेव्हा मी पिशवी भरत होते. त्या क्षणी सांगता आलं असतं. खोटं कबूल न करतासुद्धा सांगता आलं असतं — समज, नाही झाली दोन दिवस, तर लगेच डॉक्टरकडे ने, एवढं तरी. मी सांगितलं नाही. सांगायला विसरले नाही. सांगितलं नाही. मनात होतं — कळू दे. चार दिवस माझ्यावाचून काढून बघा आणि कळू दे, मालू म्हणजे काय आहे ते.

गावी वाण्याच्या दुकानात फोन होता. लग्नाच्या आदल्या दिवशी विलासचा फोन आला. ताई, तू गेल्यापासून झालीच नाही गं त्याला. पोट दगडासारखं लागतंय. डॉक्टरकडे नेऊ का? — नेऊ का, असं विचारलं त्याने. बापाने मला विचारलं.

मी म्हटलं, "डॉक्टर काय करणार? उगाच नळ्या घालतील. हात लावू नका, मी येतेच आहे."

आणि फोन ठेवला, तेव्हा मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही — मला आनंद झाला. मांडवात परत येऊन मी थोरल्या वहिनीला चारचौघींत ऐकवलं, "काय करणार बाई, माझ्यावाचून पान हलत नाही त्यांचं." तिचा चेहरा उतरलेला बघितला. आणि तुम्हाला वाटेल, लगेच एसटी धरली असेल. नाही. मी लग्नाला थांबले. अक्षता टाकल्या, पंगतीत बसले, दोनदा जिलबी घेतली. म्हटलं, एका दिवसाने काय होतंय? आणखी एक दिवस वाट बघतील तर किंमत आणखी कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाले. दुपार उलटल्यावर घरी पोचले. दार उघडंच होतं. निखिल नंदाच्या मांडीवर होता आणि रडत नव्हता. पोटावरच्या शिरा निळ्या दिसत होत्या. दुपट्यावर हिरवी उलटी होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही, विलासला पळवलं पानवाल्याकडे. देठ लावला. यापूर्वी कधी झालं नव्हतं असं झालं — सगळी खोली त्या वासाने भरली, नंदाने खिडक्या उघडल्या. पण पोट बसलं. निखिलने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. ओळखलं मला. नंदा वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

संध्याकाळपासून ताप आणि पाण्यासारखे जुलाब. विलास म्हणाला, नेऊ या का? मी म्हटलं, साठलेलं निघतंय, निघू दे. पुन्हा मीच म्हटलं. सकाळी निखिल हाक मारली तरी बघेना. रिक्षात नंदाच्या मांडीवर त्याची मान एका बाजूला पडत होती आणि ती पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने सलाइन लावता लावता विचारलं, आधीपासून काही त्रास? शी नीट व्हायची? नंदा म्हणाली, "हो डॉक्टर, रोज आपली आपण व्हायची. विचारा ताईंना." त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

तिथेही हलवली. तुम्ही म्हणाल, तोवर उशीर झालेला होता, सांगून काय फरक पडला असता? मला माहीत नाही. पडला असता किंवा नसता. पण मला तेव्हा तरी कुठे माहीत होतं, की उशीर झालाय? मला वाटत होतं, पोर वाचेल. वाचेल असं वाटत असूनही मी मान हलवली — कारण वाचल्यावर मला त्याच घरात राहायचं होतं.

दुपारी गेला. डॉक्टर म्हणाले जुलाबाने, जंतू रक्तात गेले. मे महिन्यात त्या भागात बरीच पोरं जुलाबाने आजारी होती, तेव्हा कुणी जास्त विचारलं नाही.

शमीमभाभी भेटायला आल्या. नंदाला जवळ घेऊन खूप वेळ बसल्या. उठताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. पुढे त्या पनवेलला राहायला गेल्या तोवर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. कुणाला काही सांगितलंही नाही त्यांनी. मी पान खायचं सोडलं. नंदा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, बघा, ताईंनी त्याच्यासाठी पान सोडलं हो.

आणि नंदा. मी गावी गेले होते त्या दिवसांत तिने त्याला पहिल्यांदा केळं भरवलं होतं. चमच्याने कुस्करून, अर्धं. त्याला आवडलं होतं, हात पुढे करून मागत होता. सुतक फिटल्यावर ती मला म्हणाली, "ताई, माझ्या केळ्यानेच त्याचं पोट धरलं. तुम्ही चार दिवस नव्हता आणि मी त्याला मारलं." माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. काय म्हणाले असेन? म्हणाले, "असू दे. तुला काय माहीत होतं?" — असू दे! म्हणजे तूच मारलंस, पण असू दे. मला ते शब्द तोंडातून निघतानाच कळले होते.

तेव्हापासून आमच्या घरात केळं येत नाही. नंतर त्यांना मुलगी झाली. तिला पहिल्याच दिवशी आपली आपण झाली, त्या दिवशी नंदा रडत होती आणि मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होते. पोरगी मोठी झाली, घरात केळं का आणत नाहीत हे तिला ठाऊक नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं असतं, म्हणून नंदा प्रसाद हातात घेते, कपाळाला लावते आणि मला देते. मी खाते. दर वेळी खाते.

मी अजून त्यांच्याकडेच राहते. जे मिळवायचं होतं ते मिळालं मला. विलास रिटायर झाला, नंदाचे केस पिकले. माझं आता वय झालं, पोट साफ होत नाही. नंदा झोपायच्या आधी माझ्यासाठी कोमट दुधात एरंडेल घालून आणते, मी पिईपर्यंत समोर उभी राहते. सकाळी मी आत गेले की थोड्या वेळाने दाराशी येते आणि काळजीने विचारते, "ताई, झाली का?"

होत नाही. दोन-दोन, तीन-तीन दिवस होत नाही. मी आतून म्हणते, "झाली गं. आपली आपण."